कर्नल साईक्स: कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहणाऱ्या साहेबाने सह्याद्रीच्या पायऱ्या वाचल्या, त्याच पायऱ्या आजही जव्हार-मोखाड्याचं पाणी ठरवतात

पावसाळा सुरू झाला की जव्हार-मोखाड्याच्या रील्सना नुसता ऊत येतो. दाभोसाचा धबधबा, काळमांडवी, सूर्यमाळचं धुकं, हिरवेगार डोंगर. मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते.

मग फेब्रुवारी-मार्च उजाडतो आणि त्याच दोन तालुक्यांतून दुसरे फोटो यायला लागतात. कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने हंडा भरणारी बाई, टँकरभोवतीची गर्दी, डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या पोरी.

जव्हार तालुक्यात वावर नावाचं गाव आहे. १९९२-९३ मध्ये कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी वावर-वांगणी ही जोडनावं देशभर पोहोचली. त्यानंतर अहवाल झाले, दौरे झाले, योजना आल्या. पण बाहेरून येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न आजही तोच पडतो. वर्षाला साधारण २,५०० ते ३,००० मिलिमीटर पाऊस जिथे पडतो, तिथलं पाणी जातं तरी कुठे?

या प्रश्नाच्या उत्तराला बऱ्याच बाजू आहेत. त्यातली सगळ्यात जुनी बाजू म्हणजे पायाखालचा दगड. हा दगड थराथराने रचलेला आहे आणि त्या थरांनीच इथले डोंगर, धबधबे, माती आणि झरे घडवलेत. दख्खनच्या या थरांकडे नीट बघून त्यांच्यावर सविस्तर लिहिणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये एक इंग्रज फौजी होता. ट्रेकिंगवाल्यांना तो पक्का माहितीये, पण वेगळ्याच कारणासाठी.

त्याचं नाव विल्यम हेन्री साईक्स. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिलेला, तोच कर्नल साईक्स.

चौदाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत

साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातला. त्या काळात ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी म्हणजे नशीब काढायचा हमखास रस्ता. पोरगं शिकतंय न शिकतंय तोवर त्याला बोटीवर बसवून हिंदुस्थानात धाडायचे. साईक्सचंही तेच झालं. १८०३ मध्ये तो कॅडेट म्हणून भरती झाला आणि १८०४ मध्ये मुंबईच्या फौजेत अधिकारी झाला. वय फक्त चौदा.

१८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरला वेढा घातला, त्यात हा पोरगा होता. पुढे १८१७ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्यात शेवटची लढाई पेटली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, त्यानंतर पुणे पडलं. साईक्स या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने लढत होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला.

म्हणजे ज्या मुलखाच्या दगडांवर हा माणूस पुढे लिहिणार होता, त्या मुलखात तो आला होता बंदूक घेऊन. हे विसरून त्याची गोष्ट सांगता येत नाही.

१८१९ मध्ये कॅप्टन झाल्यावर तो चार-पाच वर्षं युरोपात गेला. नेमकी याच काळात तिकडे भूगर्भशास्त्राची हवा होती. बेसाल्टसारखा काळा दगड कसा तयार झाला, यावरून विद्वानांचे दोन तट पडले होते. जर्मनीच्या वर्नरचे चेले म्हणायचे की हे दगड प्राचीन समुद्राच्या पाण्यातून खाली बसले. स्कॉटलंडच्या हटनचा पक्ष म्हणायचा की छे, हे पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून वितळून आलेत. १८२० च्या दशकापर्यंत आगीच्या पक्षाचं पारडं जड झालं होतं.

तलवार ठेवली, वही उचलली

ऑक्टोबर १८२४ मध्ये साईक्स परत आला. मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नवा मुलूख हातात आला होता, पण त्यात लोक किती, जमिनी किती, कुणाच्या, पिकं कोणती, मजुरी काय, भाव काय, याचा इंग्रजांना पत्ता नव्हता. सारा वसूल करायचा तर हे माहीत असायला हवं. एल्फिन्स्टनने साईक्सला एक नवंच पद दिलं, स्टॅटिस्टिकल रिपोर्टर. आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारी डेटा गोळा करणारा माणूस.

आता कुणी दुसरा असता तर कचेरीत बसून मामलेदारांकडून तक्ते मागवले असते. साईक्स मात्र पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड अशा कलेक्टरांच्या मुलखांत फिरत राहिला. माणसं मोजली. जमिनीची मालकी, मिरासदार आणि उपरी यांच्यातला फरक, बाजारभाव, सगळं टिपलं.

पण त्याची नजर तेवढ्यावर थांबत नव्हती. त्याने पक्षी गोळा केले, मासे पाहिले, प्राणी नोंदवले. १८३२ मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. भाताच्या खाचरात मान आखडून उभा असणारा वंचक बगळा तुम्ही पाहिलाच असेल. त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा साईक्सने केलं. एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्याने मराठा हा शब्द घातला. इथल्या रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुंद्याला, त्याने दख्खनवरून नाव दिलं होतं.

सोबत बॅरोमीटर आणि थर्मामीटर असायचेच. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. हे त्याने दख्खनमध्ये बारकाईने नोंदवलं. डोंगराची उंची मोजायची त्याची एक पद्धत तर घरी करून बघण्यासारखी आहे. पाणी उकळायचं आणि त्याचं तापमान बघायचं. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. साधारण ३०० मीटर चढलं की उकळण्याचं तापमान एक अंशाने उतरतं. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर चहाचं पाणी १०० नाही, तर ९५ अंशांच्या आसपास उकळतं. साध्या थर्मामीटरवर उंची कशी काढायची, यावर साईक्सने पुढे लेखही लिहिला.

डोंगर नाही, जिना आहे

हे सगळं करताना त्याला एक गोष्ट जिकडेतिकडे दिसत होती.

तुम्हीही पाहिली असणार. कसाऱ्याच्या घाटातून जाताना किंवा मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे चढताना समोरच्या डोंगराकडे बघा. एक उभा काळा कडा, मग थोडी उताराची हिरवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. कुणी दगडांच्या चवड्या एकावर एक रचल्यासारख्या. शिवाय या रेषा जवळपास आडव्या. दरीच्या अलीकडच्या डोंगरावर ज्या उंचीला पट्टी दिसते, त्याच उंचीला पलीकडच्या डोंगरावरही दिसते.

साईक्सने या आडव्या थरांची नोंद घेतली. कठीण बेसाल्ट आणि पोकळ्या असलेला मऊ दगड एकाआड एक येतात. काही ठिकाणी बेसाल्टचे खांब उभे आहेत. थरांना चिरत उभ्या भिंतींसारखे दगड गेलेत, ज्यांना आपण डाईक म्हणतो. आणि बेसाल्टच्या खाली अधूनमधून लोहयुक्त लाल मातीचा पट्टा सापडतो.

१८३३ च्या सुमारास त्याने ही निरीक्षणं लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. १८३६ मध्ये ती सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर छापून आली. डेक्कन ट्रॅप हे नाव शास्त्रात आणण्याचं श्रेय सहसा त्यालाच देतात. यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का. स्वीडिश भाषेत पायरीला किंवा जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून भूशास्त्रज्ञांनी असल्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडाला ट्रॅप म्हणायला सुरुवात केली होती.

पण या पायऱ्या पडतात कशा?

लाव्हारस जमिनीवर पसरतो तेव्हा त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात, भाकरीला फोड यावेत तसे. त्यामुळे थराचा वरचा भाग सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांमध्ये खनिजं भरतात. डोंगरात फिरताना सापडणारे पांढरे, चमकदार खडे बरेचदा तिथूनच सुटलेले असतात. थराचा मधला भाग मात्र सावकाश थंड होतो आणि घट्ट, काळा, कठीण बनतो. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे अशा उभ्या खांबांचाच डोंगर.

मग एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा. मऊ, कठीण, मऊ, कठीण.

आता यावर लाखो वर्षं पाऊस पडू द्या. मऊ भाग लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. कठीण भाग टिकतो. त्याच्या पायातला आधार गेला की तो उभ्या भेगांवरून सरळ तुटतो आणि कडा तयार होतो. सह्याद्रीचे किल्ले इतके अभेद्य का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. तटबंदी माणसांनी बांधली, पण कातळाचा कडा पावसाने आधीच तासून ठेवला होता.

धबधब्याचंही तेच. जव्हारजवळच्या दाभोसाला लेंडी नदीचं पाणी काळ्या कातळावरून खाली झेपावतं. असा धबधबा कधीच एका जागी थांबलेला नसतो. खालचा मऊ भाग पाणी पोखरतं, वरचा कातळ अधांतरी होतो, एक दिवस त्याचा तुकडा सुटतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. आपल्या आयुष्यात ते दिसत नाही, इतकंच.

मग कोकणकड्यावर काय दिसलं?

आता येऊ त्या प्रसिद्ध किश्श्याकडे.

इंटरनेटवर जवळपास सगळीकडे लिहिलेलं सापडतं की साईक्सला १८३५ मध्ये हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र दिसलं. यात एक छोटी गडबड आहे. साईक्सने जानेवारी १८३१ मध्ये काम संपवून रजेवर युरोप गाठलं. १८३५ हे वर्ष आहे दख्खनच्या हवामानावरचा त्याचा मोठा लेख रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला तेव्हाचं. इंद्रवज्राचं वर्णन त्याच लेखात आहे. म्हणजे त्याने ते पाहिलं १८३१ च्या आधी, आपल्या भटकंतीच्या दिवसांत.

प्रसंग असा. कोकणातून धुक्याचा थर वर चढत कड्याच्या माथ्यापर्यंत आलेला. धुकं माथ्यावर मात्र पसरत नव्हतं, कड्याला टेकून उभं होतं. साईक्स अगदी काठावर, पाठीमागे मावळतीला किंवा उगवतीला असतो तसा खूप खालचा सूर्य, आकाश निरभ्र. समोरच्या धुक्यात इंद्रधनुष्याचं पूर्ण वर्तुळ उमटलं. निम्मं त्याच्या पातळीच्या वर, निम्मं खाली. आणि मधोमध त्याची, त्याच्या घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली.

सोबतच्या माणसांचा विश्वासच बसेना की ही आपलीच सावली आहे. त्यांनी हात हलवले, पाय झाडले, वेगवेगळ्या पोझ घेतल्या. सावल्यांनीही तसंच केलं. तेव्हा कुठे मनातली भीती हळूहळू ओसरली.

साईक्सने ही गंमत लिहून ठेवली, पण त्या माणसांची नावं लिहिली नाहीत. खरं तर इंद्रवज्राचा पहिला प्रयोग त्यांनीच केला होता. आधी शंका, मग हातपाय हलवून पडताळा. विज्ञान यापेक्षा वेगळं काय असतं? घाटवाटा दाखवणारी, घोडा सांभाळणारी, पक्ष्याचं नाव सांगणारी ही माणसं साईक्सच्या प्रत्येक पानामागे आहेत, पण बिननावाची.

आणि कोकणकडा स्वतः? तोही त्या पायऱ्यांचाच एक अध्याय. साधारण १,८०० फुटांचा, आत वळलेला हा कडा म्हणजे एकावर एक बसलेल्या लाव्हाच्या थरांचा उघडा पडलेला छेद. सह्याद्रीचा कडा पूर्वी बराच पश्चिमेला होता. पाऊस, ओढे आणि कोसळणाऱ्या दरडी यांनी तो कणाकणाने पूर्वेकडे मागे रेटला, असं आज भूशास्त्रज्ञ मानतात. मागे सरकताना त्याने खाली सोडलेला तुटका, डोंगराळ पट्टा म्हणजेच कोकणाचा वरचा भाग. जव्हारचं सुमारे ४५० मीटर उंचीचं पठार आणि मोखाड्याचे डोंगर याच पट्ट्यात येतात.

साईक्सला काय माहीत नव्हतं?

बरंच काही. हे थर किती जुने, हे सांगायची सोय त्या काळी नव्हती. चार्ल्स लायलच्या गाजलेल्या पुस्तकाचा पहिला खंड १८३० मध्ये आला, म्हणजे साईक्स दख्खनचं काम आवरत होता तेव्हा. आज आपण रोज बघतो तेच पाऊस, नद्या, ज्वालामुखी पुरेसा वेळ मिळाला की अख्खे डोंगर घडवतात आणि मोडतात, हा विचार तेव्हा नवा होता. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून दगडाचं वय काढण्याचं तंत्र आलं ते थेट विसाव्या शतकात.

आज आपल्याला कळतं की हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. डायनासोर संपले तो हाच काळ. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी २ किलोमीटरच्या वर जाते. यातला बराचसा लाव्हा दहा लाखांपेक्षा कमी वर्षांत बाहेर पडला असावा असं मानलं जातं. पृथ्वीच्या हिशेबात हे म्हणजे चुटकीसरशी.

आणि तो लाल पट्टा? तो म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी. एक थर थंड झाला, उघड्यावर पडून राहिला, पाऊस-पाण्याने कुजला, त्यातलं लोखंड गंजलं आणि लाल झालं. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ते सगळं भाजून, दाबून टाकलं. घाटातल्या कापलेल्या रस्त्यालगत विटकरी रंगाची आडवी रेघ दिसली, तर समजा की लाव्हा तिथे काही काळ थांबला होता.

ही सुट्टी किती मोठी असू शकते हे नंतर नागपूरकडे कळलं. ज्यांच्या नावाने तिथलं हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि वनस्पतींचे जीवाश्म शोधले. म्हणजे दोन उद्रेकांमध्ये तळी भरत होती, झाडं वाढत होती, जीव नांदत होते.

लंडनमधला उत्तरार्ध

साईक्सचं पद सरकारने खर्च वाचवायला डिसेंबर १८२९ मध्येच रद्द केलं होतं. त्याला पलटणीत परत जाता आलं असतं. पण हाती घेतलेलं काम पुरं करायचं म्हणून त्याने रजा काढली आणि जानेवारी १८३१ मध्ये ते संपवलं. डेटा गोळा करणाऱ्या माणसाचं पद कधीही उडतं, ही काही आजची गोष्ट नाही.

१८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर गेला आणि १८५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचं राज्यच संपलं, साईक्स मात्र त्याच वर्षी स्कॉटलंडच्या ॲबरडीनमधून खासदार झाला आणि शेवटपर्यंत राहिला. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक, पुढे तिचा अध्यक्षही झाला. १६ जून १८७२ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला.

त्याच्या कामाचा हेतू आपल्या भल्याचा होता असं समजायचं कारण नाही. राज्य चालवायला आणि सारा ठरवायला कंपनीला माहिती हवी होती, ती त्याने दिली. पण ती देताना त्याने एक गोष्ट केली, जी आज वेगवेगळ्या खात्यांमध्ये वाटली गेलीये. दगड, पाऊस, पीक, पक्षी आणि माणसाची मजुरी, हे सगळं त्याने एकाच मुलखाचा हिशेब म्हणून पाहिलं.

हाच दगड वावरला काय करतो?

साईक्सची पाहणी घाटमाथ्यावरच्या दख्खनची होती. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचं संस्थान होतं आणि ते त्याच्या कामात येत नव्हतं. पण लाव्हाने संस्थानांच्या हद्दी पाळलेल्या नाहीत. कोकणकड्यात दिसतो तोच दगड वावरच्या विहिरीतही लागतो. त्यामुळे त्याने नोंदवलेल्या पायऱ्या इथे लावून बघता येतात.

विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि शेवटी काळा पाषाण. हा क्रम म्हणजे झीज होत जाण्याचा उलटा जिना. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन येतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते भेगांत शिरतं. दगडातल्या काही खनिजांची चिकणमाती होते, लोखंडाला गंज चढतो. घट्ट दगडाला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. त्याचा होतो मुरूम आणि मुरमाची होते माती. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात शेताला वावर म्हणतात. या गावाच्या नावाचा उगम काहीही असो, पण शेत नावाची गोष्ट या काळ्या दगडाच्या कुजण्यातूनच जन्माला येते.

फक्त ती माती टिकायला सपाटी लागते. जव्हार-मोखाड्यात उतारच उतार. पावसाचे चार महिने ती माती खाली धावत असते. सखल खाचरांत भात होतो, पण डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर हातभर माती मिळाली तरी खूप. तिथे नागली आणि वरई पिकते. एक पीक निघालं की दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात.

आता पाण्याचं बघू. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी साठायला जागाच नसते. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, सच्छिद्र भागात आणि भेगांत. जव्हारच्या उतारांवर मुरमाचा थर पातळ. तो जुलैत भरतो, मग वरून पडणारा पाऊस सरळ वाहून जातो. पिंजाळ, वाघ आणि वैतरणा ते पाणी घेऊन पश्चिमेला निघतात. मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. मुरमात अडकलेलं थोडं पाणी झिरपत झिरपत जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरतं. मग विहीर तळ दाखवते.

बोअर मारली तर? भेग लागली तर पाणी, नाही लागली तर पैसे आणि धूळ. शेजारशेजारच्या दोन बोअरपैकी एकीला पाणी आणि एक कोरडी, हे बेसाल्टमध्ये नेहमीचं आहे.

पण याच दगडात एक दिलासाही आहे. तो लाल पट्टा आठवतोय? ती चिकट माती पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. वरच्या थरातून झिरपलेलं पाणी तिथे अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या अंगातून बाहेर पडतं. तोच झरा. कठीण कातळाच्या माथ्यावरही असंच होतं. म्हणून झरे डोंगरावर कुठेही नसतात, ते बहुतेक वेळा थरांच्या सांध्यावर असतात. बऱ्याच पाड्यांची उन्हाळ्यातली शेवटची आशा असतो तो हाच झरा.

आणि झरा वाचवायचा तर नुसतं त्याच्या तोंडाशी टाकी बांधून भागत नाही. त्याला पाणी पुरवणारा वरचा उतार कोणता, थर कुणीकडे झुकलाय, भेगा कुठे आहेत, हे बघावं लागतं. तिथे चर खणले, झाडं टिकवली, माती अडवली, तर मुरमात पाणी जास्त मुरतं आणि झरा आणखी काही आठवडे चालतो. पाड्यावरच्या बाईसाठी ते काही आठवडे म्हणजे रोजच्या कित्येक खेपा वाचणं.

इथे साईक्ससोबतची ती बिननावाची माणसं पुन्हा आठवतात. कुठला झरा मार्चपर्यंत चालतो, कुठला मे महिन्यातही आटत नाही, कुठल्या कातळाखाली ओल असते, हे वारली, कोकणा, ठाकर, कातकरी घरांतल्या बायांना तोंडपाठ असतं. कारण ते पाणी त्यांच्याच डोक्यावरून येतं. भूशास्त्रज्ञाचा नकाशा आणि ही माहिती एकत्र आली, तर कुठे खोदायचं आणि कुठे नाही, याचं उत्तर बरंच सोपं होतं. या वेळी मात्र त्यांची नावं लिहायला विसरू नये, एवढंच.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा बदलता येत नाही, पावसाचा उतारही बदलता येत नाही. पण पाणी कुठे मुरतं आणि कुठे निसटतं हे त्या थरांनी उघड्यावर लिहून ठेवलंय.

तेव्हा यंदा पावसाळ्यात दाभोसाला गेलात तर रील जरूर काढा. फक्त कॅमेरा बंद केल्यावर दोन मिनिटं कड्याकडे बघा. पायऱ्या मोजा, लाल रेघ शोधा, आणि तिच्या बाजूने पाणी पाझरताना दिसतंय का ते पाहा. वाटेत भेटलेल्या माणसाला एवढंच विचारा की हा झरा मार्चमध्ये असतो का.